सेटिंग कोणाची?
एकाच सॉफ्टवेअरवर अनेकजण काम करतात तेव्हा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"काल सगळे व्यवस्थित होते, आज रकाने गायब आहेत." असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो: हे फक्त तुमच्या लॉगिनवर दिसते की सगळ्यांच्या? बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. कोणीतरी स्वतःच्या सोयीसाठी केलेला बदल चुकीच्या जागी सेव्ह होतो आणि सगळ्यांना लागू होतो.

सेटिंगचे मालक

अक्षरांचा आकार, रकान्यांचा क्रम, भाषा, शॉर्टकट या माणसाच्या सेटिंग्ज. तो ज्या कॉम्प्युटरवर बसेल तिथे त्या त्याच्या मागोमाग गेल्या पाहिजेत. स्कॅनर कुठल्या पोर्टला जोडलाय, विंडो स्क्रीनवर कुठे उघडते, या मशीनच्या सेटिंग्ज. त्या दुसऱ्या मशीनवर नेल्या तर त्रासच होतो. दोन मॉनिटर असलेल्या टेबलावरची विंडोची जागा एका मॉनिटरच्या टेबलावर आणली, तर विंडो दिसतच नाही. प्रोग्राम चालू असतो, पण स्क्रीनच्या बाहेर! आणि बिलांचे क्रमांक, कराचे दर, कोणाला काय दिसावे, हे सगळे संस्थेचे. ते एकाच ठिकाणी असावे आणि मोजक्या लोकांनाच बदलता यावे.

डिफॉल्ट प्रिंटरवरून नेहमी वाद होतो. आमच्या मते ती ना फक्त माणसाची ना फक्त मशीनची, 'हा माणूस या मशीनवर' अशा जोडीची सेटिंग आहे, आणि आम्ही ती तशीच साठवतो.

वाचताना सॉफ्टवेअर आधी माणसाची सेटिंग शोधते. ती नसेल तर मशीनची, तीही नसेल तर संस्थेची, आणि काहीच नसेल तर आम्ही मुळात दिलेली. संस्थेने कुलूप लावलेल्या सेटिंग्ज याला अपवाद. तिथे व्यक्तीची निवड चालत नाही. यात एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. माणसाने जे स्वतः बदलले, तेवढेच त्याच्या नावावर सेव्ह होते. पूर्ण यादी त्याच्या नावावर उतरवून ठेवली, तर उद्या संस्थेने एखादी गोष्ट बदलल्यावर ती त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, कारण जुनीच सेटिंग 'त्याची निवड' म्हणून तिथे बसलेली असेल.

फाइल नेमकी कुठे असते

विंडोजवर प्रत्येक युजरच्या सेटिंग्ज त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये असतात. त्यातला रोमिंग भाग, नेटवर्कवर तशी सोय केलेली असेल तर, युजरबरोबर दुसऱ्या मशीनवर जातो. लोकल भाग त्याच मशीनवर राहतो. सगळ्या युजरसाठीचे सामायिक ते प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये. लिनक्सवर सामायिक सेटिंग्ज 'ईटीसी' फोल्डरमध्ये आणि व्यक्तीच्या तिच्या होम फोल्डरमध्ये.

जुनी सॉफ्टवेअर मात्र जिथे स्वतः बसलेली असत त्या 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्येच सेटिंग्ज लिहीत. आमचे पहिले सॉफ्टवेअरही तसेच करायचे, आणि त्याचा मनस्ताप ग्राहकांना झाला. सामान्य युजरला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते. म्हणून विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, अशा जुन्या ३२ बिट प्रोग्रामने तिथे लिहायला घेतले की विंडोज ती फाइल परस्पर त्या युजरच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये ठेवते. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो. मग अ‍ॅडमिन, म्हणजे सगळ्यांच्या सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार असलेला माणूस, मूळ फाइल दुरुस्त करतो, स्वतः उघडून पाहतो तर बरोबर, आणि युजरला मात्र जुनेच दिसत राहते. तुमच्याकडे एखादे जुने सॉफ्टवेअर असे वागत असेल, मग ते कोणाचेही असो, हा फोल्डर उघडून बघा.

दोघांनी एकदम बदलले तर

दोन अ‍ॅडमिननी एकाच वेळी सेटिंग्जची खिडकी उघडली. एकाने कराचा दर बदलला, दुसरीने बिलाचा मजकूर. दोघांनीही सेव्ह केले. प्रोग्राम सगळी फाइल नव्याने लिहीत असेल, तर मागून सेव्ह करणारीचा मजकूर राहतो आणि कराचा दर जुन्यावर जातो. एररसुद्धा येत नाही, हे जास्त वाईट. आता आम्ही प्रत्येक सेटिंग वेगळी सेव्ह करतो आणि तिच्यासोबत आवृत्तीचा क्रमांक ठेवतो. तुम्ही उघडल्यानंतर कोणी तीच सेटिंग बदलली असेल, तर क्रमांक जुळत नाही आणि सॉफ्टवेअर थांबून तुम्हाला विचारते. तो संदेश घाईने 'हो' म्हणून घालवू नका, ही विनंती.

मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल राहू नये, म्हणून नवी फाइल आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहिली जाते आणि मगच जुनीची जागा घेते.

परत आणताना

रिस्टोर करण्यापूर्वी आत्ताच्या सेटिंग्जचा बॅकअप घ्या, त्या बिघडलेल्या असल्या तरी. मग ठरवा की कोणाचे परत आणायचे आहे. एकीचे रकाने हरवले म्हणून सगळ्या संस्थेचा बॅकअप रिस्टोर केला, तर बाकी सगळ्यांचे मधल्या दिवसांतले बदल जातात. आमच्या रिस्टोर स्क्रीनवर 'फक्त हा युजर' हा पर्याय त्यासाठीच पहिला ठेवला आहे.

सेव्ह केलेले पासवर्ड परत येत नाहीत. विंडोजवर ते त्या युजरच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात, त्यामुळे फाइल दुसऱ्या खात्यात किंवा मशीनवर नेली तर उघडत नाहीत. हा दोष नाही. तुमची फाइल कोणाच्या हाती लागली तरी पासवर्ड सुरक्षित राहावेत म्हणून केलेली सोय आहे. ते पुन्हा टाइप करावे लागतील.

युजरचे विंडोज खाते काढून त्याच नावाने नवे केले, तर जुन्या सेटिंग्ज आपोआप लागू होत नाहीत. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, प्रत्येक खात्याला दिलेल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखते, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. अशा वेळी आम्हाला कळवा, जुन्या सेटिंग्ज नव्या खात्याला जोडून देता येतात. नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीत मात्र घालू नका. उलट चालते.

बॅकअप होतोय एवढ्यावर समाधान मानू नका. सहा महिन्यांतून एकदा एक चाचणी युजर तयार करून त्याच्यावर रिस्टोर करून पाहा. पहिल्या वेळी आमचा माणूस फोनवर सोबत राहील.

आणि काही बिघडले तर फोन करण्याआधी दुसऱ्या कोणाला त्याच मशीनवर लॉगिन करायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या मशीनवर करा. बिघाड मशीनपाशी राहिला की तुमच्या मागे आला, एवढे सांगितलेत तरी आमचा निम्मा शोध संपतो.