बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते?

एखादी पाणीपुरवठा संस्था देखभालीचे काम संगणकावर नेणार असल्याची बातमी आली की तिच्यात सर्व्हर, मोबाइल अ‍ॅप आणि खर्चाचा आकडा हमखास असतो. परंतु दुरुस्ती संपल्यावर फिटर जी एक ओळ नोंदवतो, तिचा उल्लेख क्वचितच येतो, आणि प्रणालीचे यश मुख्यतः त्या ओळीवर अवलंबून असते.

पंपगृहातील दोन क्रमांकाच्या पंपाचे बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग, वारंवार जाते आणि प्रत्येक वेळी ‘बेअरिंग बदलले, पंप चालू केला’ एवढीच नोंद होते, असे समजा. बेअरिंग निकृष्ट होते असे म्हणणे सोपे आहे. पण पंप उघडल्यावर इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर बारीक खड्डे दिसले, तर कारण निराळे असू शकते. पाणी उकळायला ते तापवावेच लागते असे नाही. दाब सुमारे ३.२ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ तिसाव्या हिश्श्यापर्यंत उतरला, तर २५ अंश सेल्सिअसचे पाणीही उकळते. फूट व्हॉल्व्हची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या तळाशी असलेल्या झडपेची, जाळी गाळाने तुंबली की सक्शनकडचा, म्हणजे पाणी आत ओढण्याच्या बाजूचा, दाब घटतो, इम्पेलरच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते मिटतात. पात्यालगत मिटणाऱ्या बुडबुड्यातून पाण्याची सूक्ष्म धार इतक्या वेगाने धातूवर आदळते की धातूचे कण सुटू लागतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. अशा वेळी पंपात खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो, शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरता दांडा, थरथरतो आणि त्या कंपनांचा मार बेअरिंगला बसतो.

दोष जागेत आहे की यंत्रात, हे कळावे म्हणून जागेला एक आणि यंत्राला दुसरा, असे दोन स्वतंत्र क्रमांक हवेत. पंप बदलूनही त्याच जागी बेअरिंग जात असेल, तर जाळी, सक्शनची नळी आणि पाया तपासावा. पंप दुसरीकडे नेल्यावर तक्रारही त्याच्यामागे गेली, तर दोष पंपात शोधावा. नोंदीत कोणता भाग बिघडला, कसा बिघडला आणि कशामुळे, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हव्यात.

बिघाडाचे भाकीत कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप करील, या जाहिरातीवर विसंबू नये. ‘पंप चालू केला’ या ओळीतून कोणतेही गणित जाळीपर्यंत पोहोचू शकत नाही. बिघाडांची यादी फिटरांना सोबत घेऊनच करावी आणि ती मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल इतकी आखूड ठेवावी, कारण यादी लांबली की बहुतेक नोंदी ‘इतर’ या रकान्यात जातात. यंत्राचा क्रमांकही नुसता रंगवून भागत नाही. मोटर रिवाइंडिंगहून नवा रंग लावून परत येते, तेव्हा क्रमांक पुसला गेलेला असतो, म्हणून तो सांगाड्यावर ठोकूनच घ्यावा.