टीव्हीला बाळाचं ऐकू येत नाही

कॅनडातल्या इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ओळखतं. त्याच्या आईवडिलांना मात्र तो धड ऐकूही येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं. बाळ काही तोंडाने सांगणार नाही, म्हणून त्यांनी एक युक्ती वापरली. आवाज बदलला की शेजारचं खेळणं हलायला लागायचं, आणि फरक कळलेलं बाळ ते हलण्याआधीच तिकडे मान वळवायचं. वर्षाच्या आसपास पोचलेली इंग्रजी घरांतली बाळं मात्र मान वळवेनाशी झाली. ज्या घरात ‘पाट’ आणि ‘पात’ रोज कानावर पडतात, तिथे ही जाण टिकते. म्हणजे पहिला शब्द फुटण्याआधीच कान घरच्या भाषेला सरावलेले असतात.

मग भाषा नुसती कानावर पडली की पुरे का? टीव्ही लावून ठेवला, मोबाइलवर बडबडगीतं चालू ठेवली तर?

सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली याची चाचणी घेतली. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चार आठवड्यांत बारा वेळा, दर वेळी सुमारे पंचवीस मिनिटं, मँडरिन चिनी ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी व्यक्ती जमिनीवर बसून खेळत, पुस्तकं दाखवत बोलायची. काहींना त्याच व्यक्तींचं चित्रीकरण पडद्यावर दाखवलं, काहींना फक्त आवाज ऐकवला. ज्यांच्यासमोर माणूस होता, ती बाळं मँडरिनमधले ध्वनी तैवानमधल्या बाळांइतकेच चांगले ओळखू लागली. पडद्यावाल्यांना आणि आवाजवाल्यांना काहीच फायदा झाला नाही. शब्द तेच, तोंडंही तीच!

पडद्यात काय कमी होतं, याचा एक धागा त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात सापडतो. मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी आठेक महिन्यांच्या बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटातल्या आया बाळाने आवाज काढला की लगेच हसायच्या, जवळ सरकायच्या, त्याला हात लावायच्या. दुसऱ्या गटातल्या आयाही हेच करायच्या, पण संशोधकांनी खूण केली की, मग बाळ त्या वेळी गप्प का असेना. पहिल्या गटातल्या बाळांची बडबड थोड्याच वेळात जास्त स्पष्ट, अक्षरांसारखी होऊ लागली. माया दोन्हीकडे सारखीच होती, फक्त दुसऱ्या गटात वेळ साधलेली नव्हती. ‘मुलाशी भरपूर बोला’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. आपण बोलायचं, थांबायचं, आणि त्याच्या ‘अं’ला, हातवाऱ्याला उत्तर द्यायचं.

त्यातही बाळ जिकडे बघतंय त्याबद्दल बोललेलं जास्त लागू पडतं. ते खिडकीतल्या काऊकडे टक लावून असताना समोर रंगांचे तक्ते धरण्यापेक्षा काऊबद्दलच बोलावं. त्याने बोट दाखवलं की त्या वस्तूचं नाव सांगावं. बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो, ‘आ’, ‘ई’सारखे स्वर लांबतात; त्याची लाज नको. अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयाही बाळाशी बोलताना स्वर असेच ताणतात, आणि त्यामुळे ते एकमेकांपासून स्पष्ट वेगळे होतात.

परदेशी राहणाऱ्या नातवंडांच्या आजी-आजोबांसाठी एक बरी बातमी आहे. २०१४ मधल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, कारण पलीकडचं माणूस त्यांना प्रतिसाद देत होतं. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून ती शिकली नाहीत. घरात मराठी, पाळणाघरात इंग्रजी असेल तर मराठी सोडू नये. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

मुलं बोलायला लागण्याचं वय बरंच मागेपुढे होतं. पण ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत किती थांबायचं? वर्षाचं होऊनही बाळ बडबडत नसेल, बोट दाखवत किंवा टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं झाल्यावरही ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गळून पडले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि सगळ्यात आधी कान तपासून घ्यावेत, दार आपटल्यावर मूल दचकत असलं तरीही. कारण मोठे आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटत असू शकतात.