बेरीज की गुणाकार: मोठ्या विरूपणाच्या गणिताची पार्श्वभूमी

गाडीच्या दरवाजाचा पत्रा प्रेसमध्ये दाबला आणि साचा उघडला की पत्रा किंचित मागे उसळतो. यालाच स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा काही ठिकाणी वीस-तीस टक्के कायमचा ताणला गेलेला असतो, पण परत फिरणारा स्थितिस्थापक भाग अगदी इवलासा. साध्या पोलादाचा यंग गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल आणि यील्ड (ज्यापुढे ताण कायमचा होतो ती मर्यादा) २५० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे परत फिरणारा भाग मीटरमागे जेमतेम सव्वा मिलिमीटर. हा इवलासा भाग आणि तो प्रचंड भाग एकत्र कसे मांडायचे, बेरजेने की गुणाकाराने, यावरच सगळा वाद झाला.

दाबाखाली घन धातूही वाहतो, हे १८६४ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. यील्डची आज सर्वाधिक वापरली जाणारी अट १९१३ ची. १९३० पर्यंत प्लॅस्टिक, म्हणजे कायमच्या, प्रवाहाला स्थितिस्थापक भाग जोडूनही झाला होता, पण हे सारे छोट्या विरूपणापुरते. १९४० च्या दशकात रबराचा मोठ्या विरूपणाचा सिद्धांत उभा राहिला. त्यात प्रतिबल (क्षेत्रफळामागचा आतला जोर) थेट साठलेल्या ऊर्जेतून निघते.

१९६० च्या दशकात आघात आणि स्फोटांची गणिते संगणकावर होऊ लागली, तेव्हा बेरीज निवडली गेली. विकृतीचा (आकारातल्या सापेक्ष बदलाचा) एकूण दर म्हणजे स्थितिस्थापक दर अधिक प्लॅस्टिक दर. वस्तू नुसती फिरली तर प्रतिबल बदलल्याचा भास होऊ नये म्हणून प्रतिबलाचा बदल फिरत्या चौकटीतून मोजणारा, १९११ पासून माहीत असलेला यौमान दर घेतला. त्या वेळच्या मेमरीत हे बसत होते आणि स्थितिस्थापक भाग लहान असल्यामुळे चूक दिसत नव्हती. तेव्हापुरता निर्णय रास्तच होता.

चूक उघडी पडली साध्या कर्तनात, म्हणजे थर एकमेकांवर सरकतात तेव्हा. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरचा पत्ता सरकवत न्या. यौमान दर आणि स्थिर गुणांक घेतले तर कर्तन प्रतिबल कर्तनाच्या साइनप्रमाणे बदलते. कर्तन (सरकण भागिले उंची) १.५७ झाले की प्रतिबल शिखरावर, ३.१४ ला शून्य आणि पुढे चक्क उलट्या दिशेने! कारण या दराची चौकट कर्तनाच्या निम्म्या वेगाने अखंड फिरत राहते. पदार्थातली कोणतीही रेघ मात्र अशी गरागरा फिरत नाही, ती सरकण्याच्या दिशेकडे झुकत जाते. हे १९७९ च्या सुमारास मांडले गेले. धातूत यील्डमुळे प्रतिबलाला लगाम बसतो, तेव्हा चिंता नको, असे म्हणता आले असते. पण दिशा लक्षात ठेवणाऱ्या दृढीकरणात (ताणला जाताना धातू कणखर होण्यात) तेच हेलकावे धातूतही शिरतात, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले.

मग यौमानच्या जागी नव्या दरांची रीघ लागली. एकाने हेलकावे थांबवले, तरी १९८४ मध्ये दाखवले गेले की स्थिर गुणांकांसह हे प्रचलित दर कोणत्याही ऊर्जेतून निघत नाहीत. वस्तू ताणून, फिरवून मूळ जागी आणली तरी आत प्रतिबल उरते. स्थितिस्थापक म्हणवणाऱ्या नियमाने ऊर्जा फुकट निर्माण करावी, हे मला मनापासून खटकते. या कसोटीला उतरणारा लॉगरिथमिक दर १९९७ मध्ये पुढे आला.

गुणाकाराची वाट १९६० च्या दशकातच सापडली होती. आधी प्लॅस्टिक बदल, त्यावर स्थितिस्थापक बदल, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण विरूपण. अडखळण झाली ती या दोन बदलांमधल्या टप्प्याच्या ‘मधली अवस्था’ या नावावर. नावावरून वाटते की वस्तू कधीतरी तशी असते. प्रत्यक्षात ती वस्तूची अवस्थाच नव्हे. वस्तूचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा भार उतरवला, तर ते तुकडे पुन्हा एकमेकांत बसतीलच असे नाही. शिवाय प्रत्येक तुकडा हवा तसा फिरवला तरी गुणाकार तोच. या ‘हवा तसा’वर वर्षानुवर्षे लेख पडत राहिले. एकाच स्फटिकात प्रश्न मिटतो, कारण सरकण अणूंच्या जाळीतून होते आणि जाळीची दिशा तशीच राहते. सर्व दिशांना सारख्या वागणाऱ्या धातूत त्या फिरण्याने उत्तर बदलत नाही. इतके स्पष्ट व्हायला एवढा काळ लागायला नको होता.

१९९० च्या आसपास या वाटेवर लॉगरिथमिक विकृती (लांबीच्या गुणोत्तराचा लॉगरिथम) आणि घातांकी अद्ययावतीकरण (दर पायरीला प्लॅस्टिक भाग घातांकी फलनाने गुणून पुढे नेणे) आले. छोट्या विरूपणाचा जुना अल्गोरिदम जवळपास जसाच्या तसा चालू लागला आणि प्लॅस्टिक भागात आकारमान काटेकोर राखले गेले. गुणाकार गणनेला महागडा असल्याचा आक्षेप तिथेच गळून पडला.

तरीही धातूंसाठी आज अनेक सॉफ्टवेअरांत दराचेच सूत्र आधीपासून निवडलेले असते. नेहमीच्या पत्र्याच्या कामात ते चालून जाते. पण दिशा लक्षात ठेवणारे दृढीकरण असेल आणि कर्तन एकच्या पुढे जाणार असेल, तर त्या मॅन्युअलमध्ये दर कोणता लिहिला आहे ते आधी पाहावे.