अग्निशमन केंद्राची नवी जागा: हरकत-सूचना कशी द्यायची आणि ती दप्तरी दाखल का होते

नाशकात जुनं अग्निशमन केंद्र हलवायचं किंवा पाडून नव्यानं बांधायचं म्हटलं की परिसरात दोन बाजू पडतात. काहींना बंब घराजवळ हवा असतो, काहींना सायरन खिडकीखाली नको असतो. दोघांचंही ऐकून घ्यायची सोय कायद्यात आहे. तरी गेली काही वर्षं लोकांना असे अर्ज लिहून देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुद्दा रास्त असतो, पण अर्ज चुकीच्या वेळी, चुकीच्या टेबलावर किंवा चुकीच्या गट नंबरावर जातो. मग महिन्याभरानं चार ओळींचं पत्र येतं: आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. म्हणजे पुढे काही न होता फाईल बंद.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक शोधून काढा. प्रस्ताव तीनपैकी कोणत्या वाटेनं चालला आहे?

पहिली वाट जुन्याच जागेवर नवं बांधकाम करण्याची. इथे विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, काहीच बदलत नाही, त्यामुळे हरकती मागवणारी नोटीस निघत नाही. लोक तिची वाट बघत राहतात आणि एके दिवशी जागेभोवती पत्रे ठोकलेले दिसतात. या वाटेवर बोलायची वेळ अंदाजपत्रक आणि निविदेच्या आधीची. आयुक्तांच्या नावे साधं निवेदन द्या आणि माहिती अधिकारात इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला ही तपासणी लागते. ती सोसायट्यांना लागते आणि केंद्राला लागत नाही, असं होऊ नये. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. चार पानी कैफियत लिहिलीत तर तेवढ्यावरून परत येतो. निवेदनात एक प्रश्न नक्की घाला, कारण तो कुणी विचारत नाही: बांधकाम चालेल ती दोन-तीन वर्षं बंब उभे कुठे राहणार?

दुसरी वाट अग्निशमन केंद्रासाठी आधीच आरक्षित असलेल्या भूखंडाची. इथेही नवी नोटीस नाही. आरक्षण टाकलं तेव्हाच हरकतींची मुदत होऊन गेली. आता बोलायचा अधिकार मुख्यतः जमीनमालकाचा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

तिसऱ्या वाटेवर निवडलेली जमीन आराखड्यात दुसऱ्याच कामासाठी राखलेली असते, म्हणजे बाजार, शाळा, उद्यान वगैरे, किंवा तिच्यावर आरक्षणच नसतं. मग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. महासभेचा ठराव होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस निघते. तुमची हरकत इथे चालते.

वाट ओळखायला दोन कागद पुरतात, विकास आराखड्याचा भाग नकाशा (त्या जागेपुरता नकाशाचा तुकडा) आणि झोन दाखला (जमीन कोणत्या वापराची ते सांगणारा). दोन्हींसाठी शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाकडे अर्ज करायचा. नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ चा आहे. त्यानंतरचे फेरबदल तुमच्या हातातल्या छापील नकाशावर असतीलच असं नाही, म्हणून अर्जात 'आजअखेरच्या फेरबदलांसह' हे शब्द घाला.

मुदत

कलम ३७ म्हणतं, नोटिशीच्या तारखेपासून एक महिना. तुम्ही पेपर वाचला त्या दिवसापासून मोजायचं नाही, आणि हे तीस कामाचे दिवसही नव्हेत. सगळ्यात जास्त अर्ज इथेच बाद होतात. राजपत्राची तारीख एक, पेपरातली दुसरी, आणि लोक सोयीची धरतात. नोटिशीत 'प्रसिद्ध झाल्यापासून' असं जे वाक्य असतं ते शब्दशः वाचा. तरी शंका उरली तर आधीची तारीख धरा. पोस्टानं पाठवत असाल तर पोस्टात टाकल्याची तारीख कामाची नाही, कार्यालयात पोचल्याची लागते.

एक काकू आठवतात. नोटिशीचं कात्रण त्यांनी दुधाच्या पिशवीत घडी घालून जपलं होतं, पण कापताना वरची पट्टी गेली आणि तिच्याबरोबर तारीखही. खिडकीतला माणूस विचारत होता, "कोणत्या नोटिशीबद्दल म्हणताय?" कात्रण नको, पूर्ण पान ठेवा. राजपत्राचा अंक शोधायचा असेल तर नाशिक विभागीय पुरवणी बघा.

कोण देऊ शकतं

हरकत किंवा सूचना कोणीही देऊ शकतं. मालक असायची गरज नाही, कलमातच तसे शब्द आहेत. गोम सुनावणीत आहे. व्यक्तिशः नोटीस आणि सुनावणी फेरबदलानं बाधित होणाऱ्यांसाठी आहे. म्हणून नुसतं 'मी या भागाचा जागरूक नागरिक' लिहू नका. पहिल्याच परिच्छेदात तुम्ही कसे बाधित होता ते सांगा: भूखंडाला लागून घर आहे, रस्ता एकच आहे, ज्या बाजाराची जागा जाते त्यात गाळा आहे. आणि शेवटी 'मला सुनावणीची संधी द्यावी' हे स्वच्छ लिहा. सोसायटीकडून अर्ज असेल तर ठरावाची प्रत आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या लागतात. दोनशे सह्यांचा एकच कागद दिलात तर आवक क्रमांकही एकच पडतो. दोनशे हरकती हव्या असतील तर दोनशे अर्ज द्या.

अर्जाचा नमुना कायद्यानं ठरवलेला नाही. साधा कागद चालतो. 'स्टॅम्प पेपरवर आणा' असं कुणी तोंडी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, लेखी द्या.

गट नंबर आणि न मिळणारा कागद

एक आजोबा तासभर रांगेत उभे राहून खिडकीपाशी पोचले. हातात १९७०-७५ च्या सुमाराचं खरेदीखत, त्यावर जुना सर्व्हे नंबर. खिडकीतून उत्तर आलं, "काका, हा नंबर आमच्या नोटिशीत नाहीच." जमीन तीच होती. मधल्या काळात तिला सिटी सर्व्हे नंबर मिळाला होता एवढंच. नाशकात एकाच तुकड्याला जुना सर्व्हे नंबर, गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) असेल तर अंतिम भूखंड क्रमांक, अशी चार नावं असू शकतात. शिवाराचं नाव सोडलंत तर आणखी घोळ, कारण तोच आकडा मखमलाबाद शिवारात एक जमीन आणि पाथर्डी शिवारात दुसरी. नोटिशीत जसं छापलंय तसंच, शिवारासकट, अर्जाच्या विषयात उतरवा आणि तुमच्याकडचा जुना नंबर कंसात द्या.

आता मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणारा मोजणीचा नकाशा. 'मोजणी नकाशा जोडा' असं ऐकून शेजारीपाजारी भूमी अभिलेख कार्यालयात खेटे घालतात. दुसऱ्याच्या जमिनीची मोजणी तुम्हाला मागताच येत नाही. ती धारकानं मागायची असते. तुम्ही त्रयस्थ असाल तर तिच्या मागे लागू नका. ऑनलाइन मिळणारा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भाग नकाशा, जागेचे चार फोटो आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा, एवढ्यावर अर्ज उभा राहतो. मालक असाल तर मात्र 'क' प्रत हवीच, आणि मोजणीला नोटिशीच्या मुदतीशी काही देणंघेणं नसतं. कुणकुण लागली की लगेच अर्ज टाका.

'तिथे नको, इथे करा' म्हणताना

पर्यायी जागा सुचवली की अर्जाला वजन येतं, पण ती जागा अडचणीची निघाली तर तेच अंगावर येतं. हटकून सुचवली जाते ती कॉलनीतली ओपन स्पेस. 'मोकळीच तर पडलीय.' ती ले-आउटमधल्या भूखंडधारकांच्या वापरासाठी सोडलेली असते. तिच्यावर अग्निशमन केंद्र बसत नाही. सुविधा भूखंडाची, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेसची गोष्ट वेगळी, त्यावर चर्चा होऊ शकते. सातबाऱ्यावर 'सरकार' लिहिलंय म्हणून जमीन महापालिकेची होत नाही, ती जिल्हाधिकाऱ्यांकडून मागून घ्यावी लागते. खासगी जमीन सुचवत असाल तर उताऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती जोडा. भोगवटादार वर्ग-२ (शासनाच्या अटींवर मिळालेली, परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं तर परवानगीचा आणखी एक जिना चढायचा आहे हे धरून चला.

मग क्षेत्र. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दोन लाख लोकसंख्येमागे एक केंद्र किंवा उपकेंद्र, १ ते ३ किलोमीटरच्या परिघात, असं प्रमाण आहे. निवासस्थानांसह केंद्राला १ हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर, आणि उपकेंद्राला ०.६ हेक्टर. जुन्या नाशकात, भद्रकाली-दहीपूल भागात, एवढा सलग तुकडा कुठून आणायचा हा खरा पेच आहे. म्हणून उपकेंद्र आत आणि मुख्य केंद्र बाहेर, अशी सूचना अधिकारी मन लावून वाचतात. मोठ्या इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत बंब वळायला ९ मीटर त्रिज्या आणि ४५ टन वजन पेलणारी जमीन मागतात. मग जिथून बंब दिवसाला दहादा आत-बाहेर करणार ती जागा त्याहून कमी कशी चालेल?

पूररेषा विसरू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध क्षेत्रात मोडतं. १९ सप्टेंबर २००८ ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावायला नको. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावर आपण पूर मोजतो, आणि त्या दिवशी बोट घेऊन पहिले निघतात ते अग्निशमनचे जवान. त्यांचंच केंद्र पाण्यात नको. नाशकाची आणखी एक अडचण म्हणजे नदी. नकाशावर कंपासनं काढलेलं ३ किलोमीटरचं वर्तुळ गोदावरी सहज ओलांडतं. बंब पुलावरूनच जातो, आणि पाणी वाढलं की सखल पूल आधी बंद होतात. पर्यायी जागा कोणत्या काठावर आहे आणि पलीकडे जायला उंच पूल कोणता, हे अर्जात लिहा.

रस्त्याचा पुरावा तुम्ही स्वतः गोळा करू शकता, त्याला कुठला दाखला लागत नाही. प्रस्तावित जागेच्या फाटकापासून निघा आणि द्वारका, रविवार कारंजा, अशोकस्तंभ अशा ठरावीक ठिकाणी पोचायला किती मिनिटं लागली ते तारीख-वेळेसह नोंदवा. सकाळी एकदा, संध्याकाळी सातला एकदा, आणि बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो तेव्हा एकदा. रंगपंचमीला रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात तेव्हा कोणत्या गल्ल्या बंद असतात तेही लिहा. फाटकासमोर दुभाजक असेल तर त्यात तोड आहे का, की बंबाला उजवीकडे वळायला अर्धा किलोमीटर डावीकडे जावं लागेल? असा एक पानी तक्ता दहा पानी भाषणापेक्षा जास्त काम करतो.

सायरनच्या आवाजावरची हरकत जरूर द्या, पण तिच्यासोबत फाटक कोणत्या बाजूला असावं याची सूचना द्या. नुसतं 'आमच्याकडे नको' याला उत्तर देणं फार सोपं असतं.

सुनावणीनंतर

सुनावणीत बोलायला चार-पाच मिनिटं मिळतील असं धरून चला. तीन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. तिथला निर्णय शेवटचा नसतो. प्रस्ताव शासनाकडे जातो आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन तो मंजूर करतं, बदलून मंजूर करतं किंवा नाकारतं. त्यामुळे हरकतीची एक प्रत नगररचनेच्या नाशिक विभागीय सहसंचालकांनाही द्या. जुन्या केंद्राची जागा पुढे व्यापारी संकुलाला द्यायची ठरली आणि ती आराखड्यात अग्निशमन केंद्र म्हणूनच दाखवलेली असेल, तर तिथेही फेरबदल लागतो. तेव्हा पुन्हा नोटीस निघते. तीही बघत राहा.

जमीनमालकांसाठी

तुमच्या जमिनीवर केंद्राचं आरक्षण असेल तर कलम १२६ मध्ये तीन रस्ते आहेत: वाटाघाटीनं पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकाम क्षेत्र), नाहीतर भूसंपादन. टीडीआर घ्यायचा तर जमीन बोजाविरहित लागते. सोसायटीचं फेडून झालेलं कर्ज उताऱ्यावर तसंच राहिलेलं असतं आणि त्यावर फाईल अडते. बोजा कमी करण्याचा फेरफार आधी करून घ्या.

कलम १२७ ची नोटीस, म्हणजे 'जमीन घ्या, नाहीतर आरक्षण रद्द होईल' असं मालकानं महापालिकेला कळवणं, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांनी देता येते. २०१७ च्या आराखड्यातल्या आरक्षणांची ती वेळ २०२७ मध्ये येते आहे, त्यामुळे एजंट आत्तापासूनच घरोघरी फिरू लागतील. एक दिवस आधी दिलेली नोटीसही मुदतपूर्व ठरते. नोटिशीनंतर महापालिकेला २४ महिने मिळतात, जुनी पुस्तकं १२ म्हणतात ती २०१५ च्या दुरुस्तीआधीची. नोटिशीबरोबर मालकीहक्काचे कागद जोडणं सक्तीचं आहे, आणि निम्म्या घरांत उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. वारस नोंद झाल्याशिवाय नोटीस काढू नका. बहिणींची नावं 'नंतर बघू' म्हणून गाळू नका. त्या एका गाळलेल्या नावावर सगळी नोटीस लटकते, आणि वारस नोंदीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो, म्हणून तलाठ्याकडे याच महिन्यात जा.