सर्व्हरची रॅम मागवण्याआधी हे वाचा

'सर्व्हर मंद झालाय, ६४ जीबी रॅम पाठवून द्या,' असा निरोप आला की ऑर्डर लिहून घेण्याआधी आम्ही चार गोष्टी विचारतो. सर्व्हरचे मॉडेल कोणते, प्रोसेसर किती आणि कोणते, आत्ता कोणत्या स्लॉटमध्ये काय बसले आहे, आणि त्या रॅमच्या पट्टीच्या, म्हणजे स्टिकच्या, लेबलवर काय छापले आहे. काही ग्राहकांना ही टाळाटाळ वाटते. पण सर्व्हरच्या मेमरीत नुसत्या जीबीच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

त्याहीआधी, रॅमच कमी पडते आहे ना, हे पाहून घ्या. कामाच्या ऐन वेळी मेमरी भरलेली दिसत असेल आणि सर्व्हर सतत स्वॅपचा, म्हणजे रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेचा, आधार घेत असेल, तर रॅमने फरक पडेल. कधी अडचण सॉफ्टवेअरच्या मर्यादेची असते. एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेस सॉफ्टवेअरची स्टँडर्ड आवृत्ती बफर पूलसाठी, म्हणजे डेटा रॅममध्ये ठेवण्याच्या जागेसाठी, १२८ जीबीच्या पुढे जात नाही. फक्त त्या डेटाबेसचेच काम करणाऱ्या मशीनमध्ये ५१२ जीबी बसवून डेटाबेसचा वेग वाढणार नाही. अशी ऑर्डर आली तर आम्ही आधी फोन करतो.

पिढी आणि प्रकार

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या मेमरीच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. ही चूक निदान हाताला लगेच कळते.

खरा घोळ प्रकारांत होतो. साध्या संगणकातली मेमरी यूडिम असते. मोठ्या सर्व्हरमध्ये आरडिम लागते. तिच्यावर रजिस्टर नावाची चिप असते, ती पत्ते आणि आज्ञा स्वतः घेऊन पुढे पोचवते. त्यामुळे प्रोसेसरवरचा विजेचा भार कमी होतो आणि जास्त, मोठ्या स्टिक लावता येतात. एलआरडिममध्ये डेटाच्या तारांनाही बफर असतो. डीडीआर४ मध्ये या तिन्हींची खाच एकाच जागी असते. स्टिक छान बसते, क्लिपही लागते, आणि सर्व्हर चालू होत नाही. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळता येत नाहीत. डीडीआर५ मध्ये ही गोची सुटली आहे. तिथे आरडिमला १२ व्होल्ट आणि यूडिमला ५ व्होल्ट पुरवठा लागतो, म्हणून दोन्हींच्या खाचाच वेगळ्या ठेवल्या आहेत.

सर्व्हर म्हटला की आरडिमच, हा समजही सोडा. इंटेलच्या झीऑन ई मालिकेचे प्रोसेसर असलेल्या छोट्या टॉवर सर्व्हरना ईसीसी असलेली यूडिम लागते, आरडिम तिथे चालत नाही.

ईसीसी म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय. डीडीआर४ मध्ये डेटाच्या ६४ बिटांबरोबर ८ जास्तीचे बिट ठेवले जातात. एक बिट उलटला तर तो जागेवर सुधारला जातो, दोन उलटले तर निदान कळते. २००९ मध्ये गूगल आणि टोरोंटो विद्यापीठाने प्रत्यक्ष चालू सर्व्हरचा अभ्यास केला, तेव्हा वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर चुका नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा ईसीसी ही चैन नव्हे. डीडीआर५ च्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' असे दिसले तर हुरळून जाऊ नका. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे, सर्व्हरला लागणारी ईसीसी वेगळी.

लेबल कसे वाचायचे

समजा लेबलवर '३२ जीबी २आर×४ पीसी४-२६६६व्ही-आर' असे आहे. ३२ जीबी ही क्षमता. २आर म्हणजे दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचे गट), ×४ म्हणजे चार बिट रुंदीच्या चिप. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग. शेवटचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे: आर असेल तर आरडिम, एल असेल तर एलआरडिम, ई असेल तर ईसीसी असलेली यूडिम, यू असेल तर साधी यूडिम. काही लेबलांवर वेगाऐवजी पीसी४-२१३०० असा आकडा असतो. गोंधळू नका, २६६६ ला ८ ने गुणून जवळच्या शेकड्यापर्यंत आणले की तोच येतो.

वेगाचा मोह आवरा. सगळ्या स्टिक सर्वांत हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने चालतात, आणि वर प्रोसेसरची मर्यादा असतेच. झीऑन सिल्व्हर ४२१० ची मर्यादा २४०० आहे, त्यात ३२०० ची स्टिक लावली तरी ती २४०० नेच चालणार.

किती आणि कुठे

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. प्रोसेसर मेमरीशी अनेक चॅनेलमधून एकाच वेळी बोलतो. झीऑन सिल्व्हर ४२१० ला सहा चॅनेल आहेत, एएमडीच्या एपिक ७००३ मालिकेला आठ, ९००४ मालिकेला बारा. सहा चॅनेलच्या प्रोसेसरला सहा सारख्या स्टिक दिल्या तर पूर्ण वेग मिळतो. पाच किंवा सात दिल्या तर मेमरीचा काही भाग मोजक्याच चॅनेलवर पडतो आणि पैसे खर्चूनही सर्व्हर रखडतो. म्हणून जुन्या दोन १६ जीबीच्या स्टिकशेजारी एखादी ६४ जीबीची खुपसण्यापेक्षा, जुन्या काढून सारख्या सहा लावणे आम्हाला पटते. जुन्या वाया जातात हे खरे, पण त्या दुसऱ्या मशीनला किंवा सुटा भाग म्हणून उपयोगी पडतात.

दोन प्रोसेसरच्या बोर्डवर निम्मे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरचे असतात. त्या प्रोसेसरची जागा (सॉकेट) रिकामी असेल तर ते स्लॉट मेलेलेच. दोन्ही प्रोसेसर असतील तर मेमरी समसमान वाटा. एका चॅनेलवर दुसरी स्टिक चढवली की वेगही उतरू शकतो. चौथ्या पिढीच्या झीऑन स्केलेबलमध्ये तो ४८०० वरून ४४०० वर येतो. स्लॉट भरण्याचा क्रम बहुतेक वेळा सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो.

जुन्या बाजारात स्वस्त मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या स्टिकबद्दल एक सूचना. ती इंटेलची ऑप्टेन असू शकते. दिसायला रॅमसारखी आणि डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसणारी, पण ठरावीक झीऑन प्रोसेसरवरच आणि सोबत नेहमीची रॅम असेल तरच चालणारी. इंटेलने २०२२ मध्ये हा व्यवसाय गुंडाळायचे जाहीर केले.

बसवताना

आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे बोर्डवरचे सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. सर्व्हर नुसता बंद करून भागत नाही, वीजपुरवठ्याच्या दोन्ही वायरी काढा. अंगावरची स्थिर वीज जमिनीत जाईल असा मनगटी पट्टा वापरा. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहील. सर्व्हर नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो (याला ट्रेनिंग म्हणतात), घाबरून बटण दाबू नका. मग एकूण क्षमता आणि वेग दोन्ही तपासा, रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवा, आणि पुढचे काही आठवडे दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद पाहत राहा. एकाच स्लॉटचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर आम्हाला कळवा.

चौकशी पाठवताना सर्व्हर उघडायची गरज नाही. लिनक्सवर डीएमआयडिकोड ही आज्ञा, डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅक आणि एचपीईच्या सर्व्हरवर आयएलओ या देखरेखीच्या सोयी ही माहिती चालू मशीनवरूनच देतात. झाकण उघडलेच असेल तर लेबलचा फोटो समोरून काढा, शेवटचे अक्षर कापले जाणार नाही असा.