पाण्याविना तापणारी पोर्शे

जुन्या पोर्शे ९११ मध्ये तापमानाचा काटा वर चढला की नवखा मालक आधी पुढचं बॉनेट उघडतो. तिथे निघते डिकी. इंजिन मागे, आणि रेडिएटरचं पाणी गाडीत कुठेच नाही. १९६३ साली फ्रँकफर्टला पहिल्यांदा दिसलेली ही गाडी १९९८पर्यंत हवेवरच थंड होत राहिली.

खरं तर फक्त हवेवर नाही. एक लिटर पाणी जेवढी उष्णता शोषतं, तेवढी शोषायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून इथे ऑईलकडे दोन कामं आहेत: वंगणाचं आणि उष्णता वाहून नेण्याचं. काटाही ऑईलचंच तापमान दाखवतो.

पण काट्यावर लगेच विश्वास ठेवू नये. जुना सेन्सर किंवा गंजलेली अर्थिंग बिनधास्त खोटं बोलते. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन ऑईलच्या टाकीवर धरून पडताळावं. चकचकीत धातूवर ही गन आकडा कमी दाखवते, तेव्हा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा.

आकडा खरा निघाला तर उजव्या दाराखालच्या पाइपांकडे वळायचं. पुढचा ऑईल कुलर असलेल्या गाड्यांत ऑईल ८३ अंशांच्या आसपास तापलं की थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) उघडतो आणि ऑईल या पाइपांतून पुढच्या उजव्या चाकाजवळच्या कुलरकडे जातं. हात पाइपाजवळ न्या, टेकवू नका. काटा वर असूनही पाइप गार? मग थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर कुणीतरी भलत्याच जागी जॅक लावून पाइप चेपलाय. (हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.) दोन्ही पाइप चांगले तापलेत? मग ऑईल फिरतंय. कुलरच्या जाळीत चिखल बसलाय का ते बघा.

हवेची बाजू आपल्याला जुन्या पेट्रोलवरच्या चेतक स्कूटरमुळे ओळखीची आहे. पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर न लावता ती चालवली तर हवा सिलिंडरकडे न जाता बाहेरच सांडते. ९११ मध्ये पंखा वरून गार हवा खाली ढकलतो आणि इंजिनाभोवतीचे पत्रे व रबरी पट्ट्या खालची गरम हवा परत वर येऊ देत नाहीत. पन्नास वर्षांत ते रबर कडक होऊन तुटतं आणि पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पंख्याच्याच मधोमध बसवलेला आहे. त्यामुळे धावत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर पंखा फिरवणारा पट्टा तुटला असं समजून तिथेच थांबायचं.

काटा दाखवत नाही असा तापही असतो. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतल्या २.७ लिटर गाड्यांत धूर स्वच्छ करायला थर्मल रिअ‍ॅक्टर (धुरातलं अर्धवट जळालेलं इंधन जाळणारे डबे) बसवले आणि इंजिनाचं डोकं भाजू लागलं. मॅग्नेशियमचं क्रँककेस (इंजिनाचा मुख्य सांगाडा) तापून मऊ पडायचं आणि सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड (लांब बोल्ट) त्यातून आट्यांसकट उपटून यायचे.