‘वेन’ आणि आपलं उणं

लातूरला स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवताना ‘वेन’ (wane) हे क्रियापद दरवर्षी अडतं. ‘कमी होणे’ एवढा अर्थ पाठ असतो, त्यामुळे ‘टोमॅटोचे भाव वेन झाले’ असं बिनधास्त लिहून मोकळी होतात.

शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत ‘वनियन’. तेव्हा तो घटणं आणि घटवणं, दोन्हींसाठी चालायचा. आज त्याला कर्म लागत नाही. चंद्र वेन होतो. चंद्राला कुणी वेन करत नाही.

खरी गंमत मुळाशी आहे. संस्कृतातला ‘ऊन’, म्हणजे अपुरा, हा या ‘वेन’चा सख्खा भाऊबंद. आपलं उणं, उणीव, न्यून त्यातूनच आले. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस तसेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरगं पाढे म्हणतं, तेव्हा ‘वेन’चा नातलगच त्याच्या तोंडी असतो. आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांना विनवताना ‘न्यून’ म्हटलं, तेही याच घराण्यातलं. इंग्रजी ‘वॉन्ट’ही इथलाच, मूळ अर्थ ‘नसणं’.

उलट, ज्या ‘कमी’नं आपण हे सगळं समजावतो, ती फारसी. ‘वजा’ आणि ‘बाकी’ अरबी. मराठवाड्यात 1948पर्यंत निजामाची राजवट, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. माझे आजोबा हिशेब उर्दूतच मांडायचे. पण हे शब्द मराठीत निजामाच्या कितीतरी आधीच मुरले होते.

‘वेन’चा जोडीदार ‘वॅक्स’, म्हणजे वाढणं. पोरांना मेणबत्ती आठवते. मेणाचा ‘वॅक्स’ वेगळा. शुद्धातला चंद्र वॅक्स होतो, वद्यातला वेन, असं पंचांग फळ्यावर काढलं की डोक्यात बसतं.

वापरताना एवढं बघायचं: जे आधी भरात होतं आणि हळूहळू ओसरतं, त्याला ‘वेन’. उत्साह, दबदबा, उजेड. कोरोनात लशीची प्रतिकारशक्ती ‘वेन’ होते म्हणून बूस्टरची चर्चा झाली, तो वापर चपखल. जायकवाडीचा साठा उन्हाळ्यात खाली जातो, तिथे मात्र ‘ड्विंडल’ (आटत आटत थोडं उरणं) बरा. भाव? ते पडतात, इंग्रजीतही ‘फॉल’. आपणही विहीर आटली, ताप उतरला, पूर ओसरला असंच म्हणतो. विहीर ओसरली म्हणणाऱ्याला औशातली म्हातारी हसेल.